बाहुलीची फेरी

फोल्डिंग सायकलला मागे मूल बसवायचा ट्रेलर जोडून झाला होता, तरी नचिकेत पान्याने तोच नट चौथ्यांदा आवळत होता.

"नट राहू दे. मधल्या सांध्याची खिट्टी लावलीस का?" बायकोने विचारलं.

महिन्यापूर्वी तीच लावायची राहिली होती. चालत्या सायकलची घडी झाली आणि मागे बसलेल्या लेकीचा, शाल्मलीचा, उजवा हात मोडला.

"लावली. बस गं, शामू."

प्लास्टरमधला हात पोटाशी धरून शाल्मली वाकली. खिट्टी तिने स्वतः ओढून पाहिली. मग ट्रेलरमध्ये बाहुली ठेवून एका हाताने पट्टा लावला.

"आधी हिला आण फिरवून."

त्याने सोसायटीला फेरी मारली, चालण्याच्या वेगाने, प्रत्येक वळणावर मागे बघत.

तो परतल्यावर शाल्मलीने पट्टा सोडला. तिने बाहुलीचे दोन्ही हात वाकवून पाहिले.

मग उजवा, पुन्हा एकदा.