ऐकणारे : एक

कपाटाचं दार उघडं टाकून श्रीपाद आतल्या शर्टांत डोकं घालून बोलत होता. असं केलं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत, हा शोध त्याचा स्वतःचा. पुनावळ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभरात बोलले जाणारे शब्द तेवढेच, तेही कपाटाशी.

तीन वर्षांपूर्वी पेपरची पिंपरी आवृत्ती बंद पडली आणि वीस वर्षांचा वार्ताहर घरी बसला. बसून करायचं काय, म्हणून पॉडकास्ट. निघोज्याजवळच्या एका कारखान्यात संप पेटला आणि त्याला विषय मिळाला. कंपनीने काढलेली प्रत्येक नोटीस तो सोप्या मराठीत फोडून सांगे, तिच्यातली खोच दाखवून देई. रोज सकाळी आठला एक भाग. एकेचाळीस दिवसांत एकही खाडा नाही.

ॲपवर रोज आकडा दिसे. ऐकणारे : एक.

तो एक कोण, हे त्याला ठाऊक होतं. धम्मपाल. संपातला फिटर, त्याला नोटिशींचे फोटो पाठवणारा. बिचारा भिडेखातर ऐकत असणार. बाकीचे ऐकतात का, हे विचारायची श्रीपादला लाज वाटायची.

आज शनिवारी धम्मपालने नेहमीसारखाच फोटो पाठवला होता. समझोत्याचा कागद, नऊ पानी, इंग्रजीत. रविवारी दुपारी बारापर्यंत सही करील त्याला कामावर परत घेणार. सातव्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती. सही करणारा नवीन कामगार समजला जाईल. बारा-बारा वर्षांची नोकरी एका सहीत पुसली जाणार होती. उद्या सकाळसाठीच्या बेचाळिसाव्या भागात त्याने तेच सांगितलं, अगदी घसा कोरडा होईपर्यंत.

कपाटाचं दार लावतो न लावतो तोच फोन वाजला.

"श्रीपाद सर, मी अनुया. कंपनीच्या जनसंपर्क विभागातून बोलतेय. रागावू नका हं."

"बोला."

"आम्हाला आमचा पॉडकास्ट सुरू करायचाय. तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा. सोमवारपासून वाकडच्या ऑफिसात याल?"

"अट काय?"

"तुमचा थांबवायचा. आजपासूनच. खरं सांगू का सर? आकडा आम्हालाही दिसतो."

श्रीपादने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऑफिसात किती जण असता तुम्ही?" त्याने विचारलं. पगार विचारायचा सोडून भलतंच तोंडून गेलं.

"बारा. दुपारी सगळे एकत्र डबा खातो."

तीन वर्षांत त्याने कुणासोबत डबा उघडला नव्हता. त्या बारा अनोळखी माणसांची त्याला अशी ओढ लागली, की स्वतःचीच कीव आली.

मग त्याने मनाची समजूत घातली. पत्रकाराला ती चांगली जमते. संघटनेला वकील आहे, तो कागद वाचेलच की. एका माणसासाठी कपाटात डोकं घालून किती दिवस ओरडायचं? धम्मपालला नंतर फोन करू. त्याने अनुयाला होकार कळवला आणि बेचाळिसावा भाग पुसून टाकला.

रविवारी सकाळचे आठ वाजून गेले. त्याने सोमवारसाठी शर्टाला इस्त्री केली. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

सव्वाबाराला धम्मपालचाच फोन आला.

"सर, जय भीम. तब्येत बरीय ना? आज भाग आला नाही."

"बरीय रे. तुला सांगणारच होतो. तू एकटाच ऐकतोस, म्हटलं..."

"एकटा?" धम्मपाल हसला. "अहो सर, गेटसमोरच्या मांडवात माझा मोबाइल स्पीकरला जोडतो आम्ही. चारशे माणूस बसतं रोज आठला. तुमचं ऐकल्याशिवाय कोणी चहालाही हात लावत नाही."

श्रीपाद खुर्चीत बसला.

"आज तर साडेअकरापर्यंत वाट बघितली," धम्मपाल सांगत होता. "वकिलाचा फोन काही लागेना."

"मग?" श्रीपादने विचारलं. "मग काय केलंत?"

"काय करणार सर? एकेचाळीस दिवसांत तुम्ही कंपनीचा एक कागद सोडला नाहीत. ह्याच्यावर काहीच बोलला नाहीत, म्हणजे ह्यात खोट नाही असं समजलो, आणि चारशेच्या चारशे जणांनी सह्या केल्या."