पेवाचं तोंड

रेडिओवर शिवानंदच्या जहाजाचं नाव आलं, तेव्हा त्याची आई हिराबाई अंगणातल्या पेवाच्या, जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराच्या तोंडाशी उभी होती. आत उतरलेला गडी ज्ञानू जोंधळ्याची शेवटची पाटी घेऊन शिडीवरून वर येत होता. जहाज बुडालं होतं. काही खलाशी वाचले होते. लढाई सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

घटकाभरात गल्ली गोळा झाली. जो तो हिराबाईच्या नवऱ्याला, नागाप्पांना धीर देत होता. पंचगंगेच्या पुरात उडी टाकून पलीकडं लागणारं पोर ते, समुद्राला काय ऐकतंय, असं म्हणता म्हणता म्हाताऱ्याच्या तोंडावर जरा रंग आला.

हिराबाईनं एकच विचारलं, "वाचली ती जहाजात कुठं हुती?"

"डेकवर हुती म्हणं," नागाप्पा म्हणाले.

तिनं पेवाकडं बघितलं. दिवाळीच्या रजेत शिवानं तिला अख्खं जहाज घरात मांडून दाखवलं होतं. उंबरा म्हणजे बो, जहाजाचं पुढचं टोक; परडं म्हणजे स्टर्न, मागचं टोक; माडी म्हणजे डेक. भाकरी थापताना ती शाळेतल्या पोरीसारखी घोकायची, आणि हिला आता नेव्हीत भरती करा म्हणून नागाप्पा थट्टा करायचे. मग तू कुठं असतोस रं, असं तिनं विचारलं, तेव्हा पोरगं हसत या पेवावर येऊन उभं राहिलं होतं. ही बॉयलर रूम, आई. उतरायला एक शिडी, आणि हे झाकण म्हणजे हॅच. लढाईत हॅच घट्ट लावून घेतात, पाणी जहाजभर पसरू नये म्हणून.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याच्या तोंडावरचा तो रंग तिच्यानं पुसवेना.

चहा आला. ज्ञानूनं शिडी वर ओढून घेतली आणि नेहमीसारखा पेवावर दगड सरकवायला लागला.

"ऱ्हाऊ दे उघडं," हिराबाई म्हणाली.

"अगं, पोरंबाळं पडतील की आत," नागाप्पा म्हणाले.

"मी हाय की बसल्याली."

ती पेवाच्या काठावर बसली. ज्ञानू बाजूला झाल्यावर तिनं शिडी जवळ ओढली आणि हळूच पुन्हा आत सोडली.