भीमसेनच्या जीपचा आवाज

श्रीनिवासराव मास्तर जीपमधून उतरले तेव्हा अमृतप्पा एका ट्रकखाली आडवा पडला होता. धोतर आणि वहाणा ओळखून तो घाईने बाहेर आला आणि काळ्या हातांनीच नमस्कार केला. मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, पण कमठाण्याच्या शाळेत तो मास्तरांच्या हाताखाली शिकला होता. मास्तर दिसले की त्याचा कान अजून आपोआप पुढे व्हायचा.

"आवाजाचं काम आहे, अमृतप्पा," मास्तर म्हणाले. "मागच्या अ‍ॅक्सलचं. आज दिवेलागणीच्या आत झालं पाहिजे."

"एवढी घाई कामून, मास्तर?"

"इंदूचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले. पडून आहे, पण त्या आवाजापायी तिचा डोळा लागत नाही."

लहानपणी डबा नसला की मास्तरांच्या पत्नी इंदुताई त्याला स्वयंपाकघराच्या दारात बसवून भाकरी आणि शेंगांची चटणी वाढायच्या, आणि तो पोटभर जेवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. त्या माउलीला शेवटी दोन घटका निवांत झोप तरी मिळावी, असं त्याला फार वाटलं.

शिवाय तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. मास्तरांचा मुलगा भीमसेन धरणांच्या कामाची कंत्राटं घ्यायचा. त्याची लिलावातली मिलिटरी जीप चढाला लागली की मागून अशी ओरडायची की हॉटेलातली माणसं चहा सोडून बघायची. अ‍ॅक्सलमधल्या पिनियनच्या दातेरी चाकामागची पातळ चकती एक कमी आहे, म्हणून दात नीट बसत नाहीत, हे अमृतप्पानं जाता जाता ऐकूनच सांगितलं होतं. उघडून देतो म्हटलं की भीमसेन हसून उडवून लावायचा. शेवटी आली गाडी आपल्याकडे, असं अमृतप्पाला वाटलं.

"भीमण्णा न्हाई आले?"

"लांब गेलाय," मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले.

"रंग झकास मारलाय की गाडीला. आन डायवर बी ठेवलाय व्हय?"

स्टिअरिंगवरचा मडिवाळप्पा काहीतरी बोलणार होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं.

अमृतप्पानं त्याला बाजूला सरकवून जीप स्वतः रस्त्यावर काढली. मास्तर मागे बसले. चढावर त्यानं गाडी रेटली, उतारावर पाय सोडून नुसती घरंगळू दिली, पुन्हा रेटली. ताडपत्रीची फडफड तेवढी ऐकू आली.

"मला तर काय ऐकू येईना, मास्तर. कुठं करते?"

"तळ्याच्या वळणापासून सुरू व्हायचा," मास्तर सावकाश म्हणाले. "चढावर वाढायचा. पाय सोडला की बारीक व्हायचा, आणि आमच्या फाटकाशी येऊन थांबायचा."

दुसरं कुणी असतं तर अमृतप्पानं चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण हे श्रीनिवासराव मास्तर होते. एका थापेसाठी पोराला दिवसभर शाळेच्या पायरीवर उभं करणारा माणूस. ते आवाज म्हणतात म्हणजे आवाज असणारच. मग दोष आपल्या कानाचा. जन्म इंजिनाशेजारी गेला, कधीतरी हे व्हायचंच होतं. त्याला भीती वाटली. कान गेला तर मेकॅनिकचं उरतं काय?

त्यानं मागचा अ‍ॅक्सल लोखंडी घोडीवर चढवून चाकं अधांतरी केली, मडिवाळप्पाला गाडी गिअरमध्ये चालू ठेवायला सांगितलं आणि लांब स्क्रूड्रायव्हर अ‍ॅक्सलला टेकवून त्याच्या मुठीला कान लावला. आत सगळं लोण्यासारखं फिरत होतं. ऑइल काढून बोटांत चोळलं. लोखंडाचा कण नव्हता. मग झाकण खोललं, दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि चाक हातानं फिरवलं. शेंदराचा ठसा दातांच्या बरोबर मधोमध उठला. इतकी नीट बसलेली जोडी त्याला क्वचितच बघायला मिळायची.

मास्तर शेजारी उकिडवे बसून सगळं बघत होते. मधूनच मान वर करून ऊन कुठवर आलंय ते पाहत होते.

"कुणीतरी आधीच दुरुस्त केलीय, मास्तर," अमृतप्पा म्हणाला. "पूर्वी हिची चकती कमी होती, म्हणून वरडायची. आता पुरी हाय. शेंदूर खोटं बोलत न्हाई."

"म्हणजे एका चकतीचाच तो सगळा आवाज?"

"तेवढ्याचाच."

मास्तरांनी उघड्या अ‍ॅक्सलमध्ये वाकून पाहिलं.

अमृतप्पा आता रडायच्या बेतात आला. तिकडे इंदुताई तळमळतायत, मास्तर एवढ्या लांबून आपल्या भरवशावर आले, आणि आपल्याला दोष सापडत नाही.

"रागवू नका, मास्तर," तो हात जोडून म्हणाला. "आवाज असंल तर मी काढीन, रक्त आटवीन. पण ही गाडी धडधाकट हाय. हिचं मी काय दुरुस्त करू?"

मास्तर जुन्या टायरवर टेकले आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ही आमच्या गावातल्या रामरावांची गाडी, तसलीच मिलिटरीची, मागून आणलीय," ते म्हणाले. "भीमसेनची त्याच्यासकट कृष्णेच्या पुरात गेली. इंदूला सांगायला माझी जीभ रेटली नाही. तिचा जीव त्याची वाट पाहण्यात अडकलाय. रोज अंधार पडला की उशीवरून मान उचलून तळ्याच्या वळणाकडे कान देते. यातली ती एक चकती काढ, अमृतप्पा. आज तिला भीमसेन घरी आलेला ऐकू दे."