महिनाभर टिकणारे सेल

“हे एकदा घातले की महिना-दीड महिना बघायला नको,” टॉर्चचं झाकण घट्ट फिरवत नात्सुमी म्हणाली.

आई मोरीपाशी बसून बोटाएवढ्या मासळीची पोटं नखाने फाडत होती. एक मासा, एक झटका. “महिनाभर?” तिने विचारलं आणि पुढचा मासा उचलला.

“चाळीस दिवससुद्धा जातील. अल्कलाइन आहेत. तुझे ते काळे मँगनीजचे पहिल्या दिवसापासून उतरायला लागतात.”

“एवढं शिकलीस ते दुकानदाराचं ऐकायला? काळे बरे होते. तुझ्या बाबांनी जन्मभर तेच वापरले.”

“बाबा धडपडायचे पण किती!”

आई हसली नाही.

नात्सुमीचं घर समोरच्या किनाऱ्यावर, तिसऱ्या मजल्यावर. मध्ये दीड किलोमीटर समुद्र. बाबा गेल्यापासून आई दिवेलागणीला अंगणात येऊन टॉर्च तीनदा मिचकावी. नात्सुमी तान्ह्या कोहारुला कडेवर घेऊन गॅलरीत उभी असे आणि तीनदा उत्तर देई. फोनवर आई कायम ठणठणीत. बेटावरच्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं हे असंच. स्वतःच्या लेकीलाही ‘ये’ म्हणायचं नाही. तिला कशाला त्रास? उजेड मात्र खोटं बोलणार नाही, असं नात्सुमीला वाटे.

आणि उजेड तर आठव्या दिवशी पिवळा पडे. दहाव्या दिवशी नुसती ठिणगी. कोंबड्या कोंडायला जाताना आई पायरीवरून घसरली तर? उद्या ती ठिणगीही दिसली नाही तर काय समजायचं? आईला म्हणे टॉर्चचं झाकण फिरवता येत नसे, बोटांत जोर राहिला नव्हता. मग नात्सुमी सुट्टी मागे, बाळाला पाठीशी बांधे आणि दोन सेलसाठी बोट पकडे.

या वेळी तिने दुकानदाराला सगळं विचारून घेतलं होतं. कोंबड्या कोंडायला वगैरे रोज अर्धा-पाऊण तास टॉर्च लागत असेल, तर अल्कलाइन तिप्पट-चौपट चालतील आणि उजेडही बराच काळ पांढरा राहील. चाळीस दिवसांची काळजी मिटली. तिला हलकं हलकं वाटत होतं.

“मग आता थेट बाळाचे केस कापायच्या वेळीच येशील,” आई म्हणाली.

“अगं, थंडीत बोटीवर हिला कुठे नाचवू? आणि तुला काही लागलं तर फोन कर ना.”

“मला काय लागणार?” आईने हात धुतले, लेकीच्या पाठीशी बांधलेल्या कोहारुच्या पायांना दोन बोटांनी धरलं आणि सोडलं. “जा. बोट सुटेल.”

धक्क्यावर पोचल्यावर नात्सुमीच्या लक्षात आलं, कोहारुची टोपी राहिली. बोटीला वीस मिनिटं होती. ती भराभर मागे आली.

आई परसात कोंबड्यांशी बोलत होती. टोपी स्वयंपाकघरात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीजवळ पडली होती. टोपी उचलताना नात्सुमीला बरणीच्या झाकणाखाली उजेडाची एक बारीक रेघ दिसली. भर दुपारी.

तिने झाकण उचललं. आत टॉर्च उभा होता. पेटलेला. नवा, पांढराशुभ्र झोत बरणीच्या भिंतींवरून वर येत होता.

चुकून राहिला असेल, म्हणून तिचा हात बटणाकडे गेला. मग तिथेच थांबला. टॉर्च चुकून बरणीत जात नाही. वर झाकण तर नाहीच नाही.

परसातून आईच्या सपाता जवळ आल्या. नात्सुमीने हात बाहेर काढला. झाकण आवाज न करता परत ठेवलं.

“काय गं, काय राहिलं?” आई दारात थबकली. तिची नजर आधी बरणीवर गेली, मग लेकीवर.

“टोपी.” नात्सुमीने ती कोहारुच्या डोक्यावर घातली, बंद बांधायला जरा वेळ लावला. “आई, पुढच्या वेळी तुझे ते काळेच सेल आणते.”

“का? महागडे वाईट का?”

“वाईट नाहीत,” नात्सुमी म्हणाली. “काळे लवकर संपतात.”