रेषेच्या अलीकडे

तलावातून बाहेर आलेल्या एकशे बारा जणांत माया शेवटून दुसरी होती. शेवटचा नागसेन. बायको नजरेआड होऊ नये म्हणून तो मुद्दाम तिच्या मागे पोहत आला होता.

"किती वेळ आहे?" तिनं विचारलं. तिला धाप लागली नव्हती.

"पोहण्याच्या वेळेतली चार मिनिटं उरली. सायकल घे वं माया, सायकल घे!" त्याला लागली होती.

दोन किलोमीटर पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि वर एकवीस किलोमीटर धावायचं. सकाळी साडेसहाला सुरू, दुपारी तीनला बंद. तीन वाजून एक सेकंदानं येणाऱ्याला पदक नाही, यादीत नाव नाही, फक्त एक केळं. मागची दोन वर्षं नवरा-बायको केळं खाऊन घरी आले होते.

अट मायाची होती. तीन वर्षांपूर्वी बेसा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एका संध्याकाळी दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. काय झालं ते शेजाऱ्यांना ऐकू आलं नाही, आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. दुसऱ्या आठवड्यात मात्र दोन सायकली आल्या. लग्नाच्या अठरा वर्षांत जो नागसेन बायकोसोबत भाजीलाही गेला नव्हता, तो रोज पहाटे पाचला तिच्यासोबत धावू लागला. सत्तेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकला. दोघांनी मिळून, वेळेत, एकदा ती रेषा ओलांडायची, एवढंच तिनं मागितलं होतं. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देत. नवरे त्याला नमस्कार करायचं टाळत.

काटोल रोडवर मायानं सायकल थांबवली.

"काहून थांबली?"

"संत्री आहेत."

"अवं, शर्यत आहे!"

"आंबिया बहाराची आहेत. डिसेंबरात ही गोड होतात." ती प्लॅस्टिकच्या पिशवीत पन्नासची नोट घालून पोहली होती. भाव केला, चार संत्री जर्सीच्या खिशात भरली. नागसेन घड्याळाकडे बघत उभा राहिला. माणूस अतिदक्षता विभागाच्या दाराकडे बघतो, तसा.

सायकल संपली तिथे अदिती उभी होती. त्यांच्यापाठोपाठ सायकल क्लबात आलेली. स्वतः शर्यतीत न उतरता सलग तिसऱ्या वर्षी या दोघांसाठी पाणी धरून उभी राहणारी. दुसऱ्या हातानं छातीशी प्लॅस्टिकची फाईल धरलेली.

"मॅडम, या वर्षी होईल. व्हायलाच पाहिजे!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सख्खी बहीणही एवढी कासावीस होत नाही.

"बघू," माया म्हणाली आणि बुटांची नाडी सावकाश बांधली.

सहाव्या किलोमीटरला तिच्या डाव्या पोटरीत गोळा आला. नागसेन रस्त्यातच गुडघ्यावर बसून पोटरी चोळू लागला. चोळायला हरकत नव्हती. कोणी कोणाला उचललं, ओढलं किंवा ढकललं तर दोघंही बाद, हे सकाळीच भोंग्यावरून सांगितलं होतं.

"एकवीस वर्षांत पहिल्यांदा पायाला हात लावला तुम्ही," माया म्हणाली.

"बोलू नको. श्वास वाचव."

"बरं वाटून राहिलं. अजून थोडं."

ऊन डोक्यावर आलं. पुढे कोणी दिसत नव्हतं, मागे फक्त रुग्णवाहिका होती, तीही जांभया देत.

"माया, या वर्षी नाही झालं त मी संपलो," तो म्हणाला. "पन्नास झाले मले. गुडघ्यात काही उरलं नाही म्हणते डॉक्टर."

"मग सोडून द्या. मी काही धरून ठेवलं आहे का तुम्हाले?"

"सोडता आलं असतं त धावलो असतो का मी?"

पंधराव्या किलोमीटरला तो पुन्हा खाली बसला आणि तिच्या उजव्या पोटरीवर स्प्रे मारला. आता वेळेचा हिशेब जुळत नव्हता. त्यानं आशा सोडली होती; सवयीनं तेवढा धावत होता.

आणि शेवटच्या किलोमीटरला माया अचानक धावायला लागली. चांगली, सरळ, लंगडणं विसरून. नागसेनचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो तिच्या मागे खुरडत निघाला.

कमान दिसली. दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. अदिती फाईल डोक्यावर धरून उड्या मारत होती. भोंग्यावरचा माणूस ओरडला, "टाळ्या वाजवा, बाप्पा! नवरा असावा त असा!"

वीस पावलं. दहा. पाच.

रेषेच्या दोन पावलं अलीकडे माया थांबली. नाडी सुटली होती. ती खाली बसली. नाडी पूर्ण काढली, पीळ सोडवला, एकेका भोकातून पुन्हा ओवायला घेतली.

लोक ओरडत होते. नागसेननं हात पुढे केला.

"ओढू नका," ती हळूच म्हणाली. "दोघंही बाद होऊ."

तो हात तसाच हवेत राहिला. तीन वाजले. मग तीन वाजून एक सेकंद झाला.

माया उठली. रेषा ओलांडली, केळं घेतलं आणि अदितीसमोर येऊन उभी राहिली.

"फाईल जपून ठेव वं, अदिती. घटस्फोटाचे कागद आहेत, चुरगळतात. दोघं मिळून वेळेत पोचलो की तिथल्या तिथे सही करीन म्हटलं होतं, शब्दाची पक्की आहे मी. तुमच्या दोघांच्या लग्नाची तारीख पुढल्या डिसेंबरनंतरची धरा."

मग तिनं खिशातलं एक संत्रं काढून नागसेनच्या हातावर ठेवलं.

"उद्या पहाटे पाचला. गजर लावा."