मागे बघणारी

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता सुनेत्रा पाण्यात पडली. दोरीची मूठ तिच्या हातातून सुटली आणि बोट तशीच पुढे धावत राहिली.

शरयूनं ते पाहिलं. त्यासाठीच तिला मागे तोंड करून बसवलं होतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावाजवळच्या त्या तळ्यावर नियम होता: पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीनं ओढायचं तर बोटीत दोघं हवीत. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागे बघायचं. बघणाऱ्यानं नजर हलवायची नाही; पडलं की ओरडून सांगायचं.

"अहो," शरयू म्हणाली.

चाकावर तिचा नवरा जगन्नाथ होता. इंजिनच्या घरघरीत त्याला काही ऐकू गेलं नाही.

"अहो, थांबा ना!"

लेक लाल जाकिटात तरंगत होती. इतर बोटींना दिसावं म्हणून, शिकवल्याप्रमाणे, तिनं स्कीची एक फळी पाण्याबाहेर उभी धरली होती. पण पलीकडून एक मोठी बोट सरळ तिच्याच रोखानं येत होती, आणि त्या बोटीचा चालक मागे वळून कुणाशी तरी हसत बोलत होता.

नवऱ्याचा खांदा हलवायचा तर वळावं लागलं असतं. शरयू वळली नाही. ऑफिसात त्याला सगळे 'जॅग' म्हणत. तिनं मात्र लग्नाच्या दिवशी उखाण्यात घेतलं तेवढंच त्याचं नाव.

"जगन्नाथ! थांब! पोरगी पडलीय, वळव बोट!"

बोट गर्रकन वळली. मोठ्या बोटीचा चालकही दचकला आणि त्यानं चाक फिरवलं. काठावर महाराष्ट्र मंडळाची सहल चालली होती. तिथं पद्मिनीकाकूंच्या हातातला वडा हातातच राहिला.

सुनेत्रा निथळत बोटीत चढली. "मॉम! यू नो हिज नेम?"

"मंडळात आता महिनाभर हेच पुरणार," जगन्नाथ म्हणाला.

"पुरू दे. ऊठ तिथून."

"का?"

"तुला हाका ऐकू येत नाहीत. बोटीचा क्लास मीही केलाय. मी चालवते."

सुनेत्रानं ओल्या स्की बाबांपुढे सरकवल्या. जगन्नाथनं एकदा काठाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जाकिटाचे पट्टे आवळले.

पावणेपाचला बोट पुन्हा निघाली. चाकावर शरयू, मागे तोंड करून सुनेत्रा. पाचपर्यंत जगन्नाथ काही स्कीवर उभा राहू शकला नव्हता. आणि थांबलेल्या बोटीतून शरयू, अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला नावानिशी गुडघे वाकवायला सांगत होती.