कोपरानं पाहिलेलं पाणी

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या शेवंताबाईंनी नेहमीसारखं आधी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, मगच तांब्या ओतला. बाळाचं अंग लालबुंद झालेलं पाहून हेमांगीनं घाईघाईनं बादलीत हात घातला. तिच्या हातालाही चटका जाणवेना.

"मावशी, अहो वाफा निघताहेत!"

"पण ताई, बाळ रडलं कुठं?"

भांगेच्या अर्काची एक क्रीम दोघी कित्येक वर्षं अंगाला लावत होत्या, बाळाला तर जन्मल्यापासून. खाज गेली, सुरकुत्या गेल्या. क्रीम बाजारात येण्याआधी ज्यांच्यावर तिची चाचणी झाली, त्यांत हेमांगीही होती. लावल्यावर आग होते का, विचारल्यावर सगळ्यांनी "मुळीच नाही" सांगितलं, म्हणून तर क्रीम सुरक्षित ठरली होती.

तिनं बाळाला उचललं. पाठीवर टरारून फोड उठत होते आणि बाळ तिच्याकडे बघून खुदुखुदू हसत होतं.